साखरेमागचे क्षार

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. एका हातात तपासण्यांची फाईल, दुसऱ्यात गोळ्यांचा सात खणांचा प्लास्टिकचा डबा. झाकणांवरची वारांची अक्षरं रोजच्या हाताळण्यानं पुसट झालेली. बिबवेवाडीत आम्ही तीस वर्षं शेजारी राहतो, त्यामुळे प्रस्तावनेची गरज नव्हती. बसता बसताच त्या म्हणाल्या, "सर, साखर ताब्यात आहे म्हणतात डॉक्टर. तीन महिन्यांची सात आली. मग रात्री पोटरीत गोळा का येतो? दोन जिने चढले की मांड्या भरून का येतात? आणि बीपीची गोळी कमी व्हायची तर एकाच्या दोन का झाल्या?"

मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. हा प्रश्न मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं अशातला भाग नाही. मी दहा मिनिटं बोललो, कागदावर पेशीचं चित्रही काढलं. त्या मन लावून ऐकत होत्या. निघताना चप्पल घालत म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते खरंच असणार. पण साखरेचा आणि पोटरीचा धागा काही मला लागला नाही."

तो धागा नीट लावून द्यावा म्हणून हे पुस्तक लिहायला घेतलं.

त्या गेल्यावर त्यांच्या डब्यातल्या गोळ्यांची नावं मी वहीत उतरवली. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अ‍ॅमलोडिपिन, डापाग्लिफ्लोझिन. आपल्याकडे साठीच्या पुढच्या कुठल्याही मधुमेही माणसाच्या घरात सापडेल अशी ही यादी. मात्र त्या रात्री मी ती पहिल्यांदाच वेगळ्या नजरेनं वाचली. मेटफॉर्मिन सोडलं तर उरलेल्या चारही गोळ्या कुठल्या ना कुठल्या क्षाराच्या वाटेवर काम करतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातल्या पेशींवरची पोटॅशियमची दारं बंद करते, त्यामुळे कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. अ‍ॅमलोडिपिन रक्तवाहिनीच्या भिंतीतली कॅल्शियमची दारं लावून घेते. टेल्मिसार्टनमुळे शरीर सोडियम कमी धरून ठेवतं आणि पोटॅशियम जास्त. डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडात सोडियम आणि साखर यांचं जोडीनं होणारं परत शोषण अडवते. म्हणजे 'शुगरच्या गोळ्या' आणि 'बीपीच्या गोळ्या' म्हणून आपण ज्या गिळतो, त्या बहुतेक क्षारांच्या गोळ्या आहेत. औषधं बनवणाऱ्यांना हे कधीच ठाऊक होतं. घेणाऱ्यांना मात्र कुणी सांगितलेलं नाही.

क्षार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. शास्त्राच्या पुस्तकात 'आयन' म्हणतात, म्हणजे पाण्यात विरघळलेला, विजेचा भार घेऊन हिंडणारा अणू किंवा अणूंचा गट. पण जुलाब झालेल्या नातवाला सलाईन लावून आणल्यावर आजी सांगते ते "अंगातले क्षार गेले होते" असंच. तिचं म्हणणं बरोबर असतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम या चार नावांत या पुस्तकाचा सगळा संसार आहे. मधुमेह झाला की या चौघांची पेशीत होणारी ये-जा बिघडते, आणि तो बिघाड सगळ्यात जास्त दोन ठिकाणी जाणवतो. एक रक्तवाहिनीची भिंत, दुसरा अंगातला स्नायू. ही दोन ठिकाणं दिसतात वेगळी, पण रक्तवाहिनीची भिंत हाही स्नायूच आहे, आपल्या इच्छेनं न हलणारा. पोटरी आवळते आणि धमनी आवळते त्यामागचा हुकूम एकच असतो: आत आलेलं कॅल्शियम.

मूळ व्यवस्था आधी सांगायला हवी. आपल्या रक्तात सोडियम भरपूर असतं, लीटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल, आणि पोटॅशियम जेमतेम ३.५ ते ५. पेशीच्या आत बरोबर उलटं, पोटॅशियम १४० च्या आसपास आणि सोडियम दहा-पंधरा. पेशीचं पटल म्हणजे काही दगडी भिंत नाही, तिच्यातून दोन्ही क्षार झिरपत असतात. तरीही हा फरक जन्मापासून मरेपर्यंत टिकतो, कारण भिंतीत बसवलेला एक पंप तो अखंड टिकवत असतो. मार्केट यार्डाच्या बाजूला राहणाऱ्याला हा पंप समजायला सोपा आहे. पहाटे तीनच्या सुमाराला गाळ्यासमोर ट्रक लागलेला असतो आणि हमाल पाठीवर पोती घेऊन आत-बाहेर करत असतात. पंपाचा हिशेबही तसाच ठरलेला आहे: प्रत्येक खेपेला सोडियमची तीन पोती बाहेर, पोटॅशियमची दोन पोती आत, आणि मजुरी म्हणून एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू. मजुरी थांबली की खेप थांबली. आपण स्वस्थ पडलेले असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या एकाच मजुरीवर खर्च होत असतो.

हा पंप १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी शोधला. खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंचा लगदा करून त्यांनी दाखवलं की, सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असले तरच त्यातलं विकर (एन्झाइम) एटीपी जोमानं फोडतं. त्याबद्दल त्यांना नोबेल मिळायला १९९७ साल उजाडलं. मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्या एका योगायोगाचं. त्याच १९५७ मध्ये अमेरिकेत केनेथ झायरलर यांनी उंदराचा काढलेला स्नायू द्रावणात ठेवला, त्यात इन्सुलिन घातलं, आणि स्नायूच्या पटलावरचा विजेचा दाब वाढलेला मोजला. तेव्हा इन्सुलिन म्हणजे साखर आत ढकलणारं औषध, एवढीच बहुतेकांची समजूत होती. खरं तर इन्सुलिन दिल्यावर रक्तातलं पोटॅशियम उतरतं हे १९२३-२४ मध्येच, म्हणजे टोरोंटोतल्या पहिल्या इंजेक्शननंतर दोनेक वर्षांत, डॉक्टरांच्या नजरेला आलं होतं. स्नायूतले पंप इन्सुलिनच्या हुकमानं जोरात चालायला लागतात, हे पुढे उलगडलं. पण तोवर साखरेची गोष्ट एवढी मोठी झाली होती की क्षारांची गोष्ट वॉर्डातल्या डॉक्टरांपुरतीच उरली.

वॉर्डात मात्र ती विसरता येत नाही. मी एकदा विसरलो होतो, आणि त्या रात्रीबद्दल इथे लिहिणं मला आवश्यक वाटतं.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच निवासी डॉक्टर झालो होतो. रात्री अकराच्या सुमाराला एकोणीस वर्षांच्या मुलाला आणलं. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, खोल आणि भराभर श्वास, जीभ सुकून लाकूड झालेली. त्याला मधुमेह आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. लघवीची तपासणी परीक्षानळीत स्वतःच केली, रंग विटेसारखा झाला. सलाईन सुरू केलं, इन्सुलिन सुरू केलं. पोटॅशियमचा नमुना पाठवला, पण रात्री प्रयोगशाळेतून तो अहवाल यायला तास-तास लागायचे आणि मी त्यासाठी थांबलो नाही. साखर उतरायला लागली. दर तासाला आकडा खाली येत होता आणि मला वाटत होतं, जिंकलो. पहाटे चारला त्या मुलाची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "डॉक्टर, त्याला पाण्याचा पेला धरता येईना." मी गेलो. हात उशीवरून उचलला जात नव्हता. मान सावरत नव्हती. श्वास उथळ झाला होता. वरिष्ठांना उठवलं. त्यांनी फक्त हृदयाच्या आलेखाची पट्टी हातात धरली. टी नावाची जी लाट डोंगरासारखी असायला हवी, ती सपाट झाली होती. ते मला रागावले नाहीत. "पोटॅशियम सगळं स्नायूत गेलं रे. रक्तात काय ठेवलंस?" एवढंच म्हणाले आणि सलाईनमध्ये पोटॅशियम सोडायला घेतलं. सकाळी आठला त्या मुलानं पेला स्वतःच्या हातानं धरला.

नेमकं काय घडलं होतं? इन्सुलिन नसताना पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडत राहतं आणि साखरेसोबत लघवीवाटे वाहून जातं. शरीराचा साठा रिकामा होत असतो, पण रक्तातला आकडा ठीक दिसतो, कधी वाढलेलाही दिसतो, कारण पेशींतलं धन रस्त्यावर आलेलं असतं. अशा माणसाच्या शरीरात किलोमागे ३ ते ५ मिलिमोल पोटॅशियम कमी पडलेलं असतं. साठ किलोच्या माणसाला १८० ते ३०० मिलिमोल. आणि मग आपण इन्सुलिन देतो. थकलेले पंप एकदम चालू होतात, रक्तात जे थोडं पोटॅशियम उरलंय तेही स्नायूत ओढून घेतात. आज नियम पक्का आहे: रक्तातलं पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, नंतर इन्सुलिन. त्या रात्री मी साखरेच्या आकड्याकडे बघत बसलो होतो. पुढे शिकवायला लागल्यावर दर वर्षी हा प्रसंग वर्गात सांगत आलो, फक्त तो डॉक्टर मीच होतो हे सांगायला बरीच वर्षं लागली.

इन्सुलिनच्या याच गुणाचा उपयोगही होतो, तेही लगेच सांगायला हवं. मूत्रपिंड थकलेल्या माणसाचं पोटॅशियम धोक्याच्या वर गेलं की, शिरेतून साखरेच्या पाण्यासोबत इन्सुलिनच देतात. मधुमेह नसला तरी देतात. साखर सोबत असते ती फक्त रक्तातली साखर फार उतरू नये म्हणून. अर्ध्या-एक तासात पोटॅशियम स्नायूत जाऊन बसतं आणि हृदयाला उसंत मिळते. शरीरातल्या पोटॅशियमचा बहुतेक साठा स्नायूंतच असतो, रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिळून जेमतेम दोन टक्के. स्नायू हे पोटॅशियमचं गोदाम आहे. जेवणानंतर इन्सुलिन जी साखर पेशींत पोचवतं, तिचाही मोठा भाग याच गोदामात जातो.

गोदाम हा शब्द आला की पुण्याची गोष्ट सांगावीच लागते. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची पाहणी सुरू केली. जन्मलेल्या बाळांची मापं घेतली. पुण्याकडच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. आपलं बाळ लहान असतं हे काही नवं नव्हतं. नवं होतं ते हे की, दंड बारीक, पोट लहान, पण खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. बाळ कृश दिसत होतं ते स्नायूंत आणि आतल्या अवयवांत. चरबी त्यानं राखून ठेवली होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक हुबेहूब सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. छायाचित्रात दोघं सारखेच सडसडीत दिसतात.

हे चित्र जगभर गेलं ते चरबीबद्दल. मला त्यात दिसतो तो न दिसणारा स्नायू. चरबी जिथे जास्त, तिथे तेवढ्याच वजनात दुसरं काहीतरी कमी असणार. साखर आणि पोटॅशियम दोन्ही सामावून घेणारं गोदामच आपल्याकडे लहान बांधलेलं आहे, आणि तेही आईच्या पोटात असल्यापासून. अशा शरीरात मधुमेह आला तर त्याचा स्नायूंवर होणारा परिणाम हा काही किरकोळ विषय राहत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेले १० कोटी १० लाख लोक आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. याज्ञिकांनी पुण्यात बसून या शरीराची जडणघडण जगाला दाखवली, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान आहे. पण आपल्या गल्लीतल्या मधुमेही माणसाला अजून कुणी "तुमच्या मांड्या कशा आहेत?" असं विचारत नाही, याचं वाईटही वाटतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत मधुमेहानं स्नायूतल्या पंपांचं काय होतं ते नीट दिसलं आहे. उंदरांना औषध टोचून मधुमेह आणला आणि तसाच राहू दिला की, स्नायूतल्या सोडियम-पोटॅशियम पंपांची संख्या घटते. इन्सुलिन दिलं की ती पुन्हा वाढते. डेन्मार्कच्या टॉर्बेन क्लाउसेन यांनी स्नायूतले पंप मोजण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून एक फार आशेची गोष्ट कळते: स्नायू वापरला की पंप वाढतात, स्नायू पडून राहिला की कमी होतात. स्नायूच्या प्रत्येक आकुंचनाला थोडं पोटॅशियम बाहेर सांडतं. ते उचलून परत आत ठेवायला पंप पुरे पडले नाहीत तर स्नायू लवकर थकतो. जिना चढताना मांड्या भरून येण्यामागे वय असतं, बसून राहणं असतं, रक्तपुरवठा असतो, आणि ही सांडलवंडही असते. माणसाच्या बाबतीत गोष्ट उंदराइतकी सरळ नाही. उपचार चालू आहेत का, शरीरात इन्सुलिन कमी आहे की भरपूर असून ऐकलं जात नाही, यावर चित्र बदलतं. म्हणून पुस्तकात उंदराचं कुठलं आणि माणसाचं कुठलं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगितलं आहे.

आता धमनीकडे. कॅल्शियमशिवाय स्नायू हलत नाही हे कळलं तेही एका चुकीतून. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. ते चांगलं तासन् तास चालायचं. मग लक्षात आलं की मदतनीस ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाचं पाणी वापरत होता. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थांबायला लागलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम त्याला चालवत होतं. वैद्यकीय महाविद्यालयात आमच्या हाताखाली बेडकाची पोटरी असायची. काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर तिच्या प्रत्येक आकुंचनाची पांढरी रेघ उमटायची, आणि बाजूला रिंगरच्याच नावाच्या द्रावणाची बाटली. दर दोन मिनिटांनी ड्रॉपरनं ते द्रावण सोडायचं विसरलं की रेघा बुटक्या होत जायच्या. ते बेडूक आता बंद झाले, आणि बरं झालं. पण क्षार हलले की स्नायू कसा खाली येतो, ते त्या काजळीवर जितकं स्वच्छ दिसायचं तितकं मला पुढे कुठल्याच पडद्यावर दिसलं नाही.

पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. एवढा उतार असताना दार किंचित उघडलं तरी ते धावत आत येतं आणि धमनीचा स्नायू आवळतो. ते पुन्हा बाहेर काढण्याच्या वाटा आहेत, त्यांतली एक सोडियमच्या उतारावर चालते: सोडियम आत, कॅल्शियम बाहेर. सोडियमचा उतार कोण टिकवतो? तोच तीन पोती-दोन पोतीवाला पंप. पंप मंदावला की सोडियम आत साचतं, कॅल्शियमची बाहेरची वाट अरुंद होते, धमनी जास्त वेळ आवळलेली राहते आणि दाब वाढतो. वहिनींच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पण पंप मंदावतो कशानं? १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर काम करताना पाहिलं की, धमनीच्या आतलं नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ती एका ठरावीक द्रव्यानं सैल होते. अस्तर घासलं गेलं तर होत नाही. अस्तरातून काहीतरी निरोप जात होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाला, आणि त्यासाठी १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सशाच्याच महाधमनीचे तुकडे काही तास भरपूर साखरेच्या द्रावणात ठेवले. पंपाचं काम घटलं. पण घटलं ते अस्तर असलेल्या तुकड्यांतच. आणि नायट्रिक ऑक्साइड बाहेरून पुरवल्यावर पंप पूर्वीसारखा चालू लागला. या प्रयोगाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. जादा साखर आधी अस्तराचा आवाज बंद करते, मग अस्तराचा निरोप न मिळालेला पंप थकतो, आणि मग स्नायू आवळतो. साखर ते रक्तदाब असा जो धागा वहिनींना लागत नव्हता, त्याचं एक टोक त्या सशाच्या धमनीत आहे.

दुसरं टोक मूत्रपिंडात. टाईप टू मधुमेहात स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासा होतो, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन पाठवत राहतं. मूत्रपिंडाला मात्र ते नीट ऐकू येतं, आणि इन्सुलिनचा तिथला हुकूम 'सोडियम सोडू नकोस' असा आहे. त्यात आपलं ताट. लोणचं, पापड, फरसाण, वरून मीठ. पानात डाव्या बाजूला काय वाढलंय यावर मधुमेही माणूस कधी बोलत नाही. त्याचं सगळं लक्ष उजवीकडच्या गोडावर असतं.

मॅग्नेशियमवर एक छोटं प्रकरण आहे. साखर वाढली की ते लघवीतून जातं. ते कमी असेल तर पंप अडखळतो, आणि पोटॅशियम कितीही दिलं तरी अंगात टिकत नाही. बाजरी, तीळ, शेंगदाणे, डाळी, पालेभाज्या यांत ते आहे. पण पोटरीच्या पेटक्यांवर प्रत्येकानं मॅग्नेशियमची गोळी सुरू करावी, असं मी म्हणणार नाही. वयस्कर माणसांवर तसे प्रयोग झाले, त्यांत फारसा गुण दिसला नाही. पेटक्यांना कारणं अनेक असतात: नसांचा बिघाड, रक्तपुरवठा, थायरॉईड, काही औषधं. तपासल्याशिवाय कुठल्याच क्षारावर बोट ठेवू नये.

चालण्यावरचं प्रकरण मात्र मी लांबवलं आहे, आणि संपादकांनी ते कापायला सुचवलं तरी कापलं नाही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखरेची दारं पटलावर आणतो. आतलं वाढलेलं कॅल्शियम आणि खर्च झालेली ऊर्जा, हे त्याला पुरेसे इशारे असतात. म्हणजे इन्सुलिनचा हुकूम न ऐकणारा स्नायू स्वतःच्या कामाचा हुकूम ऐकतो. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांना मी नेहमी विचारतो की, सपाटीवर गप्पा मारत चालता की चढावर? आई माता मंदिराकडे गंगाधामच्या बाजूनं चढणारा रस्ता वाहनांसाठी वाईट आहे, पण त्या चढाच्या शेजारी उभं राहून भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या बाईच्या पोटऱ्या बघा. प्रत्येक पावलाला गोदामाचं दार उघडतंय. याचा अर्थ अंगमेहनत करणाऱ्याला मधुमेह होत नाही असा नाही. मार्केट यार्डातले हमाल माझ्याकडे साखरेची चिठ्ठी घेऊन आलेले आहेत. पाठीवर ओझं असतं, पण जेवण वेळेवर नसतं, झोप दिवसा आणि तुटक, आणि औषध महागलं की पंधरा दिवस बंद. त्यांच्यासाठी एका गोष्टीचा आनंद आहे. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं आणि ती गोळी त्यांच्या आवाक्यात आली. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये निघालेल्या फ्लोरिझिन नावाच्या द्रव्याची ती लांबची वंशज.

आता वहिनींचं काय झालं ते सांगतो. त्या संध्याकाळी मी त्यांची फाईल पुन्हा चाळली. सगळीकडे साखर होती: उपाशीपोटीची, जेवणानंतरची, तीन महिन्यांची. पोटॅशियमचा अहवाल दीड वर्षापूर्वीचा. त्यांच्या डॉक्टरांना मी फोन केला, त्यांनी लगेच तपासणी सांगितली. पोटॅशियम ५.८ आलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं चढलेलं. मांड्या भरून येण्याचं खापर मी त्या ५.८ वर फोडणार नाही, तेवढ्यानं सहसा मांड्या भरत नाहीत. पण हृदयासाठी तो आकडा बरा नव्हता. टेल्मिसार्टननं थोडं वाढलं असेल, थकू लागलेल्या मूत्रपिंडानं थोडं. तरी हिशेब जुळेना. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, शहाळं पिता का रोज? नाही म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि मिठाची पिशवी घेऊन आल्या. मुलानं आणून दिलेली, 'बीपीसाठी चांगलं' म्हणून. कमी सोडियमचं मीठ.

हे मीठ वाईट नाही. चीनमधल्या सहाशे खेड्यांत जवळजवळ एकवीस हजार माणसांवर त्याची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याची शिफारस केली, पण मूत्रपिंड बिघडलेल्यांना वगळून. कारण सोडियम काढून त्याच्या जागी जे घातलेलं असतं ते पोटॅशियम. ज्याचं मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकतं, त्याला ते वरदान. मधुमेहानं ज्याचं मूत्रपिंड थकलंय आणि वर ज्याला टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू आहे, त्यानं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. वहिनींचं मीठ बदललं, एका गोळीची मात्रा बदलली, तीन आठवड्यांनी आकडा ४.९ वर आला. पोटरीतला गोळा अजून अधूनमधून येतो. मांड्यांसाठी आता खुर्चीतून हात न लावता उठण्या-बसण्याचा व्यायाम चालू आहे, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा.

त्या पिशवीवर पुढच्या बाजूला हृदयाचं मोठं चित्र आहे. पोटॅशियम क्लोराइड हे शब्द मागे, खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत आहेत. भिंग लावून वाचावे लागले. पिशवी मी मागून घेतली. हे लिहिताना ती माझ्या टेबलावर आहे, आणि पहिलं प्रकरण तिच्यापासूनच सुरू होतं.

बिबवेवाडी, पुणे ३७